केसपेपरवरचे प्रश्नचिन्ह



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांचे नाव बाहेरच्या फलकावर आहे, आणि या गावात ते फलकाविनाही सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यांना सर म्हणायची, आजही तेवढेच म्हणते. खरे तर त्यांनी मला शिकवलेले नाही. मी जिल्ह्याच्या ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते आणि ते इथून सकाळच्या एसटीने, कंडक्टरच्या हाती, रक्ताच्या कल्चर-बाटल्या पाठवत होते. पहिली कित्येक वर्षे आमची ओळख बाटलीसोबतच्या चिठ्ठीपुरतीच होती. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, वय, तापाचे दिवस, आधी कोणते अँटिबायोटिक दिले, आणि शेवटी निदान. त्या निदानाच्या आधी नेहमी एक प्रश्नचिन्ह. '? एंटेरिक'. '? लेप्टो'. एकदा तर नुसतेच प्रश्नचिन्ह आले, पुढे काहीच नाही. आमचा तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, डॉक्टर निदान लिहायला विसरलेत." विसरले नव्हते. खाली बारीक अक्षरात होते : नऊ दिवस ताप, कारण कळत नाही, अजून अँटिबायोटिक दिलेले नाही. माझ्या सगळ्या नोकरीत टेबलावर आलेली ती सर्वांत उपयोगी चिठ्ठी.

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या विषयाला 'जिवाणूजन्य आजारांच्या निदानाची नोंद आणि कोडिंग' असे भारदस्त नाव आहे. काल एका बाईंनी मला विचारले, "कोडावर बोलणार म्हणे तुम्ही, पांढऱ्या डागांवर?" मराठीत कोड म्हटल्यावर दुसरे काय आठवणार! तेव्हा आधी सांगते. रुग्ण घरी गेला, किंवा गेलाच, की त्याचा केसपेपर एमआरडीत म्हणजे वैद्यकीय अभिलेख विभागात जातो. तिथे कोणीतरी तो उलगडून शेवटचे निदान वाचतो आणि त्याच्यापुढे एक अक्षर आणि काही आकडे लिहितो. टायफॉइड असेल तर ए ०१.०. धनुर्वात असेल तर ए ३५. घटसर्पाला ए ३६, डांग्या खोकल्याला ए ३७. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतले हे कोड. डॉक्टरचे अक्षर, भाषा, देश काहीही असो, कोड एकच. मग त्यांची बेरीज होते, आणि त्या बेरजेवरून लस किती मागवायची, पाण्याची कुठली लाइन तपासायची, पैसा कुठे टाकायचा हे ठरते.

या यादीचा पहिलाच कोड, ए ००, कॉलऱ्याचा. आपल्या जुन्या पटकीचा. बाराखडीत 'अ'ला जी जागा तीच पटकीला मिळाली, आणि ते शोभूनही दिसते, कारण मृत्यूची कारणे मोजण्याची सवय युरोपला साथींनीच लावली. १६६२ साली लंडनच्या जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका व्यापाऱ्याने शहराच्या मृत्युपत्रकांची पुस्तकात मांडणी केली. ती पत्रके कशी तयार होत? कोणी मेले की चर्चच्या हद्दीत नेमलेल्या म्हाताऱ्या बायका मढे पाहायला जात आणि कारण सांगत. ग्रॉन्टने तेव्हाच लिहून ठेवले आहे की बिअरचा एक पेला आणि दुप्पट दक्षिणा मिळाली की या बायका गुप्तरोगाने मेलेल्यालाही क्षयाने मेला म्हणतात. म्हणजे मोजणी सुरू झाली त्याच पुस्तकात खोट्या नोंदीचीही नोंद झाली.

एकोणिसाव्या शतकात विल्यम फार याने इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयात हे काम शास्त्राच्या पायरीवर आणले. फारविषयी मला विशेष आदर आहे, आणि तो त्याच्या चुकीमुळे आहे. कॉलरा दूषित हवेने होतो असे तो मानत असे. १८५२ साली त्याने आकडे मांडून दाखवले की वस्ती जितकी सखल तितका कॉलरा जास्त, आणि त्यातून हवेचाच सिद्धांत पक्का केला. पण प्रत्येक मृत्यूची जागा, तारीख आणि कारण तो काटेकोरपणे छापत राहिला. जॉन स्नो याने १८५४ साली पाण्याचा संशय सिद्ध करायला निघताना फारच्याच कचेरीतल्या नोंदी घेतल्या. १८६६ च्या साथीत खुद्द फारला पाण्याची बाजू पटली. मत चुकीचे, नोंद खरी, आणि चुकीचे मत त्या खऱ्या नोंदीनेच मोडले. १८९३ साली फ्रान्सच्या जाक बर्टिलाँ याने शिकागोच्या परिषदेत सर्व देशांनी वापरावी अशी यादी मांडली, तिचीच नातवंडे-पतवंडे आजची वर्गीकरणे. या बर्टिलाँचा भाऊ आल्फाँस पॅरिसच्या पोलिसांत गुन्हेगारांची मापे घेऊन त्यांची ओळख पटवत असे. दोघा भावांचा धंदा एकच म्हणायचा.

आता आपल्या गावात येऊ. आपल्याकडे टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणत. मला हे नाव फार आवडते, कारण ते आपल्याला जेवढे दिसते तेवढेच सांगते : हा ताप मुदत घेतो, तीन-तीन आठवडे. जंतूचा दावा त्यात नाही. दावा आला तो विडालच्या चाचणीबरोबर. फर्नां विडाल याने ती १८९६ साली पॅरिसमध्ये शोधली, आणि एवढी वर्षे झाली तरी आपल्या प्रत्येक तालुक्यात ती रोज होते. तिच्यात जंतू सापडत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजली जातात. ज्या भागात टायफॉइड कायम मुक्कामाला आहे तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती जुन्या संसर्गाची, लसीची उरलेली असतात. म्हणून एकदा रक्त घेऊन आलेला आकडा फार थोडे सांगतो. आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा रक्त घेऊन आकडा चौपट झाला तर गोष्ट वेगळी. पण दुसरे रक्त द्यायला कोण येतो? तोवर पोरगा शाळेत जायला लागलेला असतो.

तर एक पोरगा घ्या, चौदा वर्षांचा, पाच दिवस ताप. केसपेपरवर निवासी डॉक्टर लिहितो '? एंटेरिक फिव्हर', म्हणजे टायफॉइडची शंका. इथवर सगळे ठीक. कल्चरला तीन दिवस लागतात आणि पैसेही जास्त, म्हणून विडाल पाठवली जाते. आकडा थोडा वर येतो. घरचे फोनवर नातेवाइकांना सांगून मोकळे होतात, "टायफॉइड निघाला." दाखल झाल्यावर चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि डिस्चार्ज कार्ड लिहायची वेळ येते, बहुधा रात्रपाळी संपताना. कार्डावर प्रश्नचिन्ह लिहिले तर वडील विचारतात, "म्हणजे चार दिवस तुम्हाला कळलंच नाही?" कॅशलेस विम्याच्या टेबलावरून निरोप येतो, निदान नक्की लिहा. म्हणून कार्डावर उतरते 'एंटेरिक फिव्हर'. प्रश्नचिन्ह गळले. कोणी खोटे बोलले नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत. एमआरडीतला माणूस ए ०१.० लिहितो, ते बरोबरच लिहितो, कारण कार्डावर तेच आहे. वर्गीकरणात 'ताप, कारण अनिश्चित' याला आर ५०.९ असा स्वतंत्र कोड आहे. पण 'आर'चे प्रकरण कोणालाच नको असते, पोराच्या बापालाही आणि विभागप्रमुखालाही.

यात बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. पोरगा बरा झाला ना? झाला. पण पावसाळा संपताना झुडपांतून, गवतातून वावरणाऱ्यांना टायफॉइडसारखाच दिसणारा स्क्रब टायफस होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याने माणसे दगावली. बारीक कोळ्यासारख्या किड्याच्या अळीच्या चाव्यातून तो येतो, चावल्या जागी काळपट खपली धरते, आणि ती खपली काखेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली असते, जिथे कपडे काढून पाहिल्याशिवाय दिसत नाही. टायफॉइडला आपण सर्रास देतो ते सेफ्ट्रिअॅक्सोन त्याच्यावर चालत नाही. साधे, स्वस्त डॉक्सिसायक्लिन चालते. ज्या गावाच्या वहीत गेली पाच वर्षे फक्त टायफॉइडच लिहिला गेला आहे, त्या गावात नवा डॉक्टर खपली शोधायला कशाला जाईल?

आणखी एक सवय. आपले डॉक्टर क्षयाला क्षय लिहीत नाहीत, 'कॉक्स' लिहितात. 'ओल्ड कॉक्स', 'अॅब्डोमिनल कॉक्स'. रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाचे नाव, ज्याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. महारोगाला तसेच 'हॅन्सन'. नातेवाइकांना केसपेपर वाचता येऊ नये, सून माहेरी पाठवली जाऊ नये, म्हणून सुरू झालेला हा आडपडदा. हेतू दयेचा होता हे मला मान्य आहे. पण रात्री दोन वाजता रजिस्टर भरणाऱ्या नव्या कारकुनाने 'कॉक्स' म्हणजे काय समजावे? मी एका रजिस्टरात हे नाव 'इतर' या रकान्यात पाहिले आहे.

लपवण्याची ही खोड आजची नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. व्हिएगस मूळ गोव्याचे, हडफड्याचे. त्या दिवसांत प्लेग म्हणणे म्हणजे व्यापार बुडवणे, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायला अनेकजण तयार नव्हते. मग तपासणी, सक्तीचे विलगीकरण आणि घरांत घुसणारे सोल्जर आले. पुण्यात त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला त्यातली दुसरी गोष्ट सांगायची आहे. लोक रुग्ण माळ्यावर लपवीत, मढे गुपचूप नेत, आणि कारण विचारले तर ताप सांगत. नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू प्लेगच्या रकान्यात पुरते दिसतच नव्हते. खरी नोंद केली की शिक्षा मिळते असे वाटले तर माणूस खोटी नोंद करतो. आज सोल्जर नाहीत, पण शाळेतून नाव काढले जाईल, क्लेम नाकारला जाईल, ही भीती त्याच जातीची.

बरे, वर्गीकरणात शंकेला जागा नाही म्हणावे तर तसेही नाही. क्षयाचेच पाहा. जंतू सापडून किंवा ऊतकांच्या तपासणीत सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाला ए १५. लक्षणे, एक्स-रे, डॉक्टरचा अनुभव यांवर ठरवलेल्याला ए १६. रोग तोच, औषध तेच, पण 'पाहिले' आणि 'वाटले' यांना दोन वेगळी घरे. मी विद्यार्थ्यांना सांगायची की या एका आकड्याच्या फरकात अख्खे सूक्ष्मजीवशास्त्र आहे. ते पोट धरून हसायचे.

आपल्या देशातल्या साथरोग सर्वेक्षणातही ही गोष्ट अगदी साधेपणाने आलेली आहे. २००४ पासून एस, पी आणि एल असे तीन फॉर्म होते. एस गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्याचा : अमुक घरात ताप, अमुक घरात जुलाब. पी वैद्यकीय अधिकाऱ्याचा : मला वाटते हा टायफॉइड असावा. एल प्रयोगशाळेचा : जंतू मिळाला. तीन माणसे, तीन पातळ्यांची खात्री, आणि कोणी कोणाचा फॉर्म भरायचा नाही. आता हे सगळे संगणकावर गेले आहे, पण तिन्ही अक्षरे अजून तशीच आहेत. ज्याने कोणी हे आखले त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. आशाताईने 'ताप' लिहिले म्हणून तिला कोणी अडाणी म्हणत नाही. मग एमडी झालेल्या डॉक्टरला 'ताप' लिहायची लाज का वाटावी?

माझी एक विद्यार्थिनी पुण्यात खराडीला काम करते. रात्री अमेरिकेतल्या रुग्णालयांचे कागद वाचून ती कोड लावते. आपल्याकडची हजारो मुले-मुली हे काम करतात आणि शेजाऱ्यांना वाटते कॉल सेंटरला आहेत. तिने मला एक गंमत सांगितली. तिथले डॉक्टरही आपल्यासारखेच एक गुळमुळीत शब्द वापरतात, 'युरोसेप्सिस'. म्हातारीला लघवीचा संसर्ग, ताप, थोडी गुंगी, की लिहिले युरोसेप्सिस. याचा अर्थ नुसता मूत्रमार्गाचा संसर्ग, की तो रक्तात उतरून अवयव निकामी करू लागलेला सेप्सिस? दोन्ही अर्थांनी लोक लिहितात. अमेरिकेच्या नियमावलीने या शब्दाला कोडच दिलेला नाही. कोड लावणाऱ्याने डॉक्टरला विचारायचे. समोर कल्चरचा रिपोर्ट आहे, त्यात ई. कोलाय वाढलेला स्पष्ट दिसतो, तरी हिने स्वतःच्या मनाने सेप्सिस लिहायचे नाही. जंतू कुठे होता, त्याने काय केले, हे उपचार करणाऱ्याने आपल्या अक्षरात लिहिले पाहिजे. तिने विचारायचे तेही कसे? "हा सेप्सिस आहे ना?" असे नाही. सेप्सिसचे बिल संसर्गाच्या बिलापेक्षा मोठे असते, म्हणून उत्तर तोंडात घालणारा प्रश्न तिथे वर्ज्य आहे, कोर्टात साक्षीदाराला जसा. "कृपया स्पष्ट करावे", एवढेच. मोठ्या बिलाच्या लोभाने सेप्सिस फुगवून लिहिण्याचे प्रकारही त्याच देशात होतात, तेव्हा मी त्यांची आरती ओवाळत नाही. पण हा न सुचवता विचारलेला प्रश्न आपल्याकडे यावा असे मला वाटते. आपल्याकडे एमआरडीतला माणूस डॉक्टरला काही विचारू धजतच नाही.

सरांनी मात्र त्या म्हातारीची नोंद कशी केली असती ते मला ठाऊक आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग, लघवीत आणि रक्तात ई. कोलाय, सेप्सिस, रक्तदाब अमुक, आणि तो जंतू कोणत्या औषधांना दाद देत नाही. या शेवटच्या गोष्टीसाठीही दहाव्या आवृत्तीत कोड आहेत. आपल्या रुग्णालयांत रोज दिसणाऱ्या ईएसबीएल जातीच्या प्रतिकाराला यू ८२.२. किती एमआरडींत तो लिहिला जातो? मी अनेक रजिस्टरे चाळली आहेत, मला तो एकदाही दिसला नाही. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात रोग, जंतू आणि प्रतिकार यांचे कोड एकमेकांना जोडून एक साखळी करता येते. फार सुंदर सोय आहे. पण साखळीची कडी डिस्चार्ज कार्डावर असेल तरच ती जोडता येणार.

आता शेवटच्या कागदाकडे येते, मृत्यूच्या. आपल्या वर्तमानपत्रांत 'अल्पशा आजाराने निधन' असे छापायची पद्धत आहे. ते ठीक आहे, तो घरच्यांचा मजकूर. पण डॉक्टरने भरायच्या प्रमाणपत्रातही त्याचीच भावंडे दिसतात. 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. अहो, थांबणारच! त्याला मरण म्हणतात, कारण नव्हे. १९६९ च्या कायद्याने डॉक्टरवर हे प्रमाणपत्र विनामूल्य देण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि फॉर्मवर एकाखाली एक ओळी आहेत. वरच्या ओळीत जे ताबडतोब घडले ते, खाली ते ज्यामुळे घडले ते, त्याच्याही खाली मूळ. शेजारी प्रत्येकाचा कालावधी. समजा तिशीतला माणूस टायफॉइडने आतड्याला भोक पडून गेला. वर सेप्टिक शॉक, बारा तास. खाली पोटात पू, दोन दिवस. खाली आतड्याला छिद्र, तीन दिवस. सर्वांत खाली टायफॉइड, तीन आठवडे. मुदतीचा ताप बरोबर आपली मुदत सांगतो. मोजणीत घेतली जाते ती सर्वांत खालची ओळ. ती लिहिली तर कोणीतरी विचारू शकते की या वस्तीत पाणी कुठून येते. वरच्या ओळीत 'अरेस्ट' लिहून बाकीच्या तिरक्या रेघेने खोडल्या तर तो माणूस पाण्यापासून कायमचा सुटा झाला. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचा दाखला होता. गोव्यात तो जवळपास सगळ्यांना मिळतो. म्हणजे जे थोडे दाखले मिळतात त्यांच्यावर किती भार आहे पाहा, आणि त्यांतले कितीतरी 'अरेस्ट'मध्येच अडकलेले. २०१७ मध्ये जगात सेप्सिसने सुमारे १ कोटी १० लाख माणसे गेली असा अंदाज २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तो काढणाऱ्यांना दाखल्यांवरच्या सगळ्या ओळी उकरून पाहाव्या लागल्या, कारण सेप्सिस मूळ कारणाच्या आणि शेवटच्या श्वासाच्या मध्ये कुठेतरी दबलेला असतो.

आता सरांची एक गोष्ट सांगून थांबते. त्या नुसत्या प्रश्नचिन्हाच्या बाटलीत पाचव्या दिवशी जंतू वाढला, साल्मोनेला टायफी, टायफॉइडचा. मी फोन केला. सर म्हणाले, "बाई घरी गेली, बरी आहे. पण फाइलवर लिहायला हवं." ती बाई बाटली पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशीच एका मोठ्या रुग्णालयात हलवली गेली होती, म्हणजे फाइल तिथे. रविवारी सर स्वतः एसटीने आले आणि आम्ही दोघे त्या रुग्णालयाच्या तळघरातल्या एमआरडीत गेलो. कारकून म्हणाला, "साहेब, फाइल बंद झाली. 'पायरेक्सिया' लिहून कोड पण टाकलाय." पायरेक्सिया म्हणजे नुसता ताप. सर म्हणाले, "तो बरोबरच आहे, त्या दिवशी तेवढंच माहीत होतं." कारकुनाने वरच्या फळीवरून सुतळीने बांधलेला गठ्ठा ओढला, धूळ झटकली, फाइल काढली आणि खोडरबर पुढे केला. सरांनी तो बाजूला ठेवला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वॉर्डातून बोलावून घेतले. जुन्या ओळीवर हात लावायचा नाही असे सांगून त्यांच्याकडून तिच्याखाली तारीख घालून रिपोर्ट लिहून घेतला. डॉक्टरांनी सही केली.

"मग रजिस्टरात?" कारकुनाने विचारले.

"तिथंही खाली," सर म्हणाले, "आणि वेळ पण टाका."

त्याने घड्याळात पाहिले आणि लिहिले, अकरा वाजून दहा मिनिटे.